सामाईक भिंत

"सर, बफर झोन बोले तो क्या?"

नववीच्या वर्गात मराठीचा तास चालू असताना मागच्या बाकावरून हा प्रश्न आला. धड्याशी त्याचा काही संबंध नव्हता. पण गाझाच्या बातम्या आमच्याकडे घराघरांत बघितल्या जातात आणि त्या बातम्यांत हा शब्द सारखा येतो. मी उलट विचारलं, मोबाइलवर व्हिडिओ अडकला की तुम्ही काय म्हणता? सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "बफरिंग!" मग माझं काम सोपं झालं. माल येण्याचा वेग आणि खपण्याचा वेग सारखा नसतो, म्हणून थोडा माल मध्ये साठवून ठेवायचा, ती मधली साठवण म्हणजे बफर. सरकार गहू-तांदळाचा बफर स्टॉक ठेवतं तेही यासाठीच. रेल्वेच्या जुन्या डब्यांच्या टोकांना लोखंडाच्या दोन गोल तबकड्या असायच्या, डब्यावर डबा आदळला तर धक्का त्यांनी खावा, आतल्या माणसाने नाही, त्यांनाही बफर म्हणतात. एवढं होईपर्यंत घंटा झाली. झोनचं सांगायचं राहिलं आणि तो शब्द माझ्याबरोबर घरी आला.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. नवा इंग्रजी शब्द आला की दोन्ही भाषांत त्याचं घर शोधायची मला खोड आहे. मराठीत फार लांब जावं लागलं नाही. दोन वावरांच्या मध्ये असतो तो बांध. नांगर तिथे थांबतो. बांधावर बोरी-बाभळी असतात, गवत असतं, दुपारची भाकर तिथेच सोडली जाते आणि दोन्हीकडचे गडी एकाच सावलीला बसतात. जमीन थोडी याची, थोडी त्याची, पीक कुणाचंच नाही. अर्थात हाच बांध दर पेरणीला वीतभर कोरणारेही असतात आणि त्यावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात. घरात बघा, ओसरी आहे. रस्ताही नाही आणि माजघरही नाही. पोस्टमन, दूधवाला, उधारी मागायला आलेला माणूस, लग्नाची बोलणी करायला आलेले पाहुणे, सगळ्यांना बसायला एकच जागा. जुन्या वाड्यांना देवडी असायची, ती उर्दूतली ड्योढी.

उर्दूत मात्र मला आणखी एक शब्द आठवला, बरजख. दोन गोष्टींच्या मधला पडदा. कुरआनात दोन पाण्यांची गोष्ट येते, एक गोड, एक खारं, दोन्ही एकमेकांना भेटतात आणि तरी मध्ये एक बरजख आहे, म्हणून एक पाणी दुसऱ्याला गिळत नाही. आपल्या रोजच्या बोलण्यात मात्र बरजख म्हणजे मृत्यूनंतर कयामतपर्यंतचा मधला मुक्काम. मी हे बायकोला सांगत होतो. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मेरेकू मत समझाओ. अपना घर बरजखमेंच है."

तिचं म्हणणं काय आहे ते सांगायला हवं, कारण गेली दोन वर्षं आमच्या घरात हाच विषय आहे.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावात आमची गल्ली आहे. गल्लीच्या एका तोंडाला मशीद आणि तिच्यामागे मोहल्ला, दुसऱ्या तोंडाला मारुतीचं देऊळ आणि भाजी बाजार. मध्ये वीस-बावीस घरं. माझ्या लहानपणी ती कुणाची हे मोजायचं कुणाला सुचलं नव्हतं. शिंपी होते, तेली होते, एक सोनार होते, एक तांबोळी, आम्ही, आमच्या भिंतीला भिंत लागून मावशींचं घर. पुढे एका वर्षी गावात दगडफेक झाली, तीन दिवस बाजार बंद राहिला. आमच्या गल्लीत कुणाला ओरखडाही आला नाही. पण त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत आधी सोनार गेले, मग तेली, मग आमच्याच नात्यातले दोघे. कुणी भांडून गेलं नाही. प्रत्येकाला कारण होतं, मुलाची नोकरी, मोठं घर, गाडी लावायला जागा. जाणाऱ्यांपैकी प्रत्येक जण जिथे गेला ते मात्र 'आपल्या लोकांत' गेला. आता मशिदीकडच्या टोकाला सगळे मुसलमान, देवळाकडच्या टोकाला सगळे हिंदू आणि मध्ये, खांद्याला खांदा लावून, आमचं आणि मावशींचं घर.

गणपती असो, मिलादचा जुलूस असो, बंदोबस्ताची गाडी बरोबर आमच्या दारासमोर लागते. पोलिसांना कुणी शिकवावं लागत नाही, मध्य त्यांना अचूक कळतो. जवान आमच्या ओट्यावर बसतात. त्यांचे मोबाइल आमच्या बोर्डाला चार्जिंगला लागतात. अम्मी होती तोवर ती त्यांना चहा पाजायची आणि प्रत्येकाला गाव विचारायची. कुणी परभणीचा निघाला की तिला माहेरचा माणूस भेटल्यासारखं व्हायचं. मुलं लहान होती तेव्हा त्यांना ही मजा वाटायची. आता मुलगी बारावीला आहे, ट्यूशनहून साडेसातला येते आणि ज्या दिवशी गावात कुजबूज असते त्या दिवशी गल्लीची दोन्ही तोंडं बंद होतात. तिला आपल्याच घरी यायला कोणत्या बाजूने 'सोडतात' हे बघावं लागतं. बायको म्हणते, बायपासच्या नव्या कॉलनीत प्लॉट घेऊ, आपली माणसं आहेत, रात्री झोप तरी लागेल. ती चुकीचं बोलत नाही.

झोनचा अर्थ शोधायला म्हणून मी जे वाचायला घेतलं, ते खरं तर या प्रश्नासाठीच वाचत होतो.

पहिलं उदाहरण कोरियाचं. २७ जुलै १९५३ ला युद्धविराम झाला तेव्हा ठरलं की जिथे फौजा समोरासमोर आहेत त्या रेषेपासून दोघांनीही दोन-दोन किलोमीटर मागे हटायचं. चार किलोमीटर रुंद आणि सुमारे अडीचशे किलोमीटर लांब असा पट्टा समुद्रापासून समुद्रापर्यंत मोकळा झाला. हा बांधाचाच हिशेब झाला, निम्मं तुझं, निम्मं माझं. या पट्ट्यात पहिल्या काही महिन्यांत कोण येऊन राहिलं होतं हे मला माहीत नव्हतं आणि माझ्या वर्गालाही मी हे आवर्जून सांगितलं: आपली माणसं. युद्धकैद्यांपैकी ज्यांना मायदेशी परत जायचं नव्हतं अशा बावीस हजारांहून जास्त लोकांना सांभाळायला दोन्ही बाजूंना पटेल असा पहारेकरी हवा होता. ते काम भारतीय फौजेकडे आलं. आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या आणि पहाऱ्याच्या फौजेचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, म्हणजे आपल्या कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांना भारतीयांचा इतका राग की आमच्या मातीवर पाय ठेवू देणार नाही म्हणाले. मग हजारो जवानांना हेलिकॉप्टरमधून उचलून थेट त्या मधल्या पट्ट्यात उतरवलं. तिथे त्यांनी जी छावणी उभारली तिचं नाव ठेवलं हिंदनगर.

एकदा कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओढून आपल्या कुंपणाआड नेलं. गोळीबार झाला असता तर किती मेले असते सांगता येत नाही. थोरात स्वतः आत गेले, कैद्यांशी बोलले आणि आपला अधिकारी सोडवून आणला. इकडे उत्तरेवाले म्हणत भारत अमेरिकेला झुकतो, दक्षिणवाले म्हणत भारत कम्युनिस्टांना सामील आहे. शांतता समितीच्या बैठकीत मी जेव्हा जेव्हा बसतो तेव्हा हे चित्र माझ्या डोळ्यासमोर येतं. (आमच्या समितीत पोलीस स्टेशनचा चहा थंड असतो आणि भाषणं गरम, एवढंच इथे सांगतो.)

त्याच कोरियन पट्ट्यात आजही दक्षिणेच्या बाजूला देसाँगदाँग नावाचं एक गाव आहे. रात्री संचारबंदी, शेतावर जाताना सोबत सैनिक. गावकऱ्यांना कर माफ, सक्तीची लष्करी नोकरी माफ, पण वर्षातल्या ठरावीक रात्री गावात झोपलं नाही तर तिथला हक्क जातो. आणि गावात एक प्राथमिक शाळा आहे. गावातली मुलं कमी झाली तेव्हा बाहेरून मुलं घ्यायला सुरुवात केली, ती बसने येतात. पटसंख्येची काळजी मास्तरांना जगात सगळीकडे आहे, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातसुद्धा.

बाकी चार किलोमीटरच्या त्या पट्ट्यात माणूस नाही म्हणून आता क्रौंच उतरतात, दुर्मीळ झाडं वाढली आहेत असं कौतुकाने लिहिलं जातं. मला त्या कौतुकाचा थोडा राग येतो. ज्यांची शेतं होती, ज्यांचे कब्रस्तान होते, ज्यांच्या बहिणी पलीकडे राहिल्या, त्यांच्या जागेवर पक्षी आले याचा आनंद कुणी मानायचा?

दुसरं उदाहरण सायप्रसचं आणि ते माझ्या मनात जास्त रुतलं. भूमध्य समुद्रातलं छोटं बेट, ग्रीक बोलणारे ख्रिस्ती जास्त, तुर्की बोलणारे मुसलमान कमी. १९६० ला इंग्रज गेले. डिसेंबर १९६३ मध्ये राजधानी निकोसियात दंगल पेटली तेव्हा एका इंग्रज सेनाधिकाऱ्याने नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली, इकडे तुम्ही, तिकडे तुम्ही. पेन्सिल हिरवी होती म्हणून नाव पडलं ग्रीन लाइन. १९६४ मध्ये राष्ट्रसंघाची फौज आली, तिचे पहिले प्रमुख भारतीय होते, जनरल ग्यानी. नंतर आपले तेच थिमय्या आले आणि डिसेंबर १९६५ मध्ये तिथेच वारले. लार्नाका शहरात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. १९७४ मध्ये आधी बंड, मग तुर्कस्तानची फौज, आणि ती शहरातली रेघ वाढून बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १८० किलोमीटरचा पट्टा झाली. कुठे सात किलोमीटर रुंद, तर जुन्या निकोसियात एका गल्लीएवढी अरुंद. विमानतळ त्या पट्ट्यात सापडला, तो तसाच पडून आहे, धावपट्टीजवळ एक विमान गंजत उभं आहे. दुकानं, घरं, शाळा, सगळं १९७४ च्या तारखेवर थांबलेलं. २००३ च्या एप्रिलमध्ये नाके उघडले तेव्हा लोक हातात किल्ल्या घेऊन आपापली जुनी घरं बघायला गेले.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट गटाराची. शहराचे दोन तुकडे झाले, जमिनीच्या उताराचे मात्र होत नाहीत. दोन्ही बाजूंचं सांडपाणी एकाच दिशेला वाहणार आणि शुद्धीकरणाची जागा उत्तरेला, तुर्कांच्या ताब्यात. तेव्हा ग्रीक बाजूचे महापौर होते लेलोस डेमेट्रिआडिस आणि तुर्की बाजूचे मुस्तफा अकिंजी. दोन्ही सरकारं एकमेकांना सरकार मानत नव्हती, कागदावर सही करायची म्हटली तर पद काय लिहायचं इथून अडचण. १९७८ मध्ये हे दोघे बसले आणि आधी गटाराचं ठरवलं. वर पहारे, काटेरी तारा, वाळूची पोती आणि खाली एकाच नळातून दोन्हीकडची घाण निमूट वाहते आहे. पुढे त्यांनी साऱ्या शहराचा एकत्र आराखडा केला, दोन्हीकडच्या जुन्या वस्त्या दुरुस्त केल्या, ही मोठी कामं. पण सुरुवात गटारापासून झाली हे मला फार पटलं, कारण आमच्या गल्लीची कथा तीच आहे.

आमची गल्ली दोन वॉर्डांच्या हद्दीवर येते. मशिदीकडची बाजू एका नगरसेवकाची, देवळाकडची दुसऱ्याची, मधला भाग कुणाचाच नाही. बारा वर्षं आमच्या दारातली नाली कुणी उपसली नाही. एका बाजूचा म्हणे ते तिकडचं, दुसऱ्या बाजूचा म्हणे ते इकडचं. मधल्या जागेचा हा एक गुण कोणत्याच व्याख्येत सांगत नाहीत, तिथे झाडलोट करणारा येत नाही. शेवटी मी अर्ज लिहिला. मावशींनी देवळाच्या बाजूच्या सह्या आणल्या, मी मशिदीच्या बाजूच्या. कागदावर मराठी, मोडी वळणाच्या, उर्दू अशा सह्या आणि चार अंगठे. नगरपालिकेतल्या बाबूने तो कागद दोनदा उलटसुलट करून पाहिला. पाइप पडला, पण अर्ध्या गल्लीत. उरलेली अर्धी पुढच्या टेंडरमध्ये आहे असं तीन वर्षं ऐकतो आहे.

मधे राहणाऱ्याला दोन्हीकडचे संशयाने बघतात, पण गरज पडली की दोन्हीकडचे त्याच्याकडेच येतात. मोहल्ल्यातून माणसं येतात ती, "सर, जरा मराठीत लिख के देव" म्हणत. रेशनकार्ड, वीजबिल, शाळेचा दाखला, नाव चुकलं, जन्मतारीख चुकली. आणि २०२३ च्या शेवटी उलटं झालं. कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे यांची समिती बसली आणि मराठवाड्यात सगळ्यांची जुनी दप्तरं बाहेर पडली. आमचा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, तेव्हाचा कारभार उर्दूत. आजोबा-पणजोबांचे कागद घरात, पण वाचता येणारा माणूस नाही. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी प्लास्टिकच्या पिशवीत ते पिवळे कागद घालून माझ्या ओट्यावर यायला लागले. शिकस्ता वळणाची घाईची लिखावट, शाई उडालेली, मलाही चष्मा पुसून पुसून वाचावं लागे. एका म्हाताऱ्या पाटलांच्या कागदात त्यांच्या पणजोबांचं नाव, शेताच्या चारी दिशा आणि पीक एवढं मला लागलं, जातीचा रकाना मात्र फाटलेला. त्यांना मी ते सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "असू द्या मास्तर, आजाच्या बापाचं नाव तरी कानावर पडलं." अशा वेळी ओट्यावर पंधरा-वीस चपला असायच्या. मोहल्ल्यातल्या एकाने मला विचारलंच, "सर, इनका काम आप कायकू कर रहे?" मी म्हटलं, उर्दू वाचायचा पगार घेतो म्हणून.

आता तिसरा प्रकार. माझी धाकटी बहीण चंद्रपूरला दिली आहे. तिच्याकडे गेलो की मेव्हणे ताडोबाच्या बाजूला फिरवून आणतात. ताडोबाला गाभा आहे, सहाशेपेक्षा थोडा जास्त चौरस किलोमीटर, आणि त्याच्या भोवती २०१० मध्ये जाहीर झालेला सुमारे अकराशे चौरस किलोमीटरचा बफर. गाभ्यातून माणसांना बाहेर काढतात. बफरमध्ये गावं आहेत, धान आहे, गुरं आहेत, उन्हाळ्यात पहाटे मोहफुलं वेचायला बाया जातात, मे महिन्यात तेंदूपत्ता. आणि वाघही आहे. तिथले लोक वाघाला देव मानतात आणि शिव्याही देतात. मोहफुलं वेचताना वाकलेली बाई वाघाला चारपायी जनावर वाटते असं मला तिथे एका शेतकऱ्याने सांगितलं. दरवर्षी चंद्रपूर जिल्ह्यात माणसं मरतात, त्या बातम्या आपण वाचतो.

पण या बफरमागचा कायदा मी वाचला तेव्हा चकित झालो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात २००६ साली जी दुरुस्ती झाली तिच्यात बफरचा हेतू काय लिहिला आहे? वन्यप्राणी आणि माणसाचे व्यवहार यांचं सहजीवन वाढावं, आणि स्थानिक लोकांच्या पोटापाण्याच्या, सामाजिक, सांस्कृतिक हक्कांची दखल घेतली जावी. त्याची हद्द ठरवताना ग्रामसभेशी सल्लामसलत करावी. कागदावरचं किती उतरतं हा वेगळा प्रश्न आहे आणि तिथल्या गावकऱ्यांना विचारलं तर ते वेगळं सांगतील. तरी कायदा वाघ आणि माणसाने एकमेकांच्या वाटेत राहावं असं मानतो. माणूस आणि माणसासाठी असा शब्द वापरलेला कायदा मी शोधत राहिलो.

शेजारच्या गुजरातेत एक कायदा आहे, लोक त्याला अशांत धारा म्हणतात, १९९१ चा. जाहीर केलेल्या भागात कलेक्टरच्या परवानगीशिवाय घर-जमीन विकता येत नाही. दंगलीनंतर घाबरून कवडीमोलाने कुणी घर विकू नये हा त्यामागचा हेतू. हेतूला मी नावं ठेवणार नाही, भीतीने विकलेली घरं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. पण तिथे हिंदू वस्तीत घर घ्यायला निघालेल्या मुसलमानाला हाच कायदा आडवा येतो अशा तक्रारीही वर्षानुवर्षं आहेत. म्हणजे जी सरमिसळ टिकवायची ती राहते बाजूला आणि ज्या रेघा पडल्या त्या पक्क्या होतात. कागदाने माणसाला जाऊ न देणं आणि त्याला राहावंसं वाटणं यांत फरक आहे.

एवढं वाचून मला त्या मागच्या बाकावरच्या मुलाला उत्तर देता आलं. मी त्याला तीन गोष्टी विचारायला सांगितल्या. हा पट्टा कुणाच्या जमिनीतून काढला? त्यात माणूस राहतो की फक्त पहारा? आणि ज्यांची जमीन गेली त्यांना कुणी विचारलं का? कोरियात दोघांची गेली. गाझात पट्टा सगळा गाझाच्याच आतून, त्यांच्याच शेतांतून आणि घरांतून. तिथे तो शब्द धक्का खाणाऱ्या तबकडीचा राहत नाही, धक्का देणाऱ्याचा होतो. मुलगा म्हणाला, "फिर उसकू बफर कायकू बोलते, सर?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, मी फळा पुसला.

आता घराचं. गेल्या वर्षी एक एजंट आला. त्याच्यामागे कोण बिल्डर आहे ते त्याने सांगितलं नाही. त्याला आमची आणि मावशींची, दोन्ही जागा एकत्र हव्या आहेत. खाली गोदाम, वर गाळे, समोर शटर. एकट्या जागेचा उपयोग नाही, रुंदी पुरत नाही. भाव ऐकून बायकोचा चेहरा उजळला आणि खरं सांगतो, माझाही थोडा उजळला. बायपासला प्लॉट, वर बांधकाम आणि मुलीच्या शिक्षणाला काही उरेल एवढी रक्कम. एजंट आम्हाला समजावत होता, "सर, दोन्हीकडचा त्रास मिटेल. कमर्शियल झालं की कुणाचंच नाही." म्हणजे दिवसा गिऱ्हाईक, रात्री कुलूप. बंदोबस्ताची गाडी तेव्हाही तिथेच लागेल, फक्त ओट्यावर कुणी नसेल.

आमच्या आणि मावशींच्या घरात भिंत एकच आहे. पांढऱ्या मातीची, दीड हात जाड, माझ्या आजोबांनी आणि त्यांच्या सासऱ्यांनी मिळून बांधलेली. तिच्यात दोन्ही बाजूंना कोनाडे आहेत, जवळजवळ पाठीला पाठ. त्यांच्या कोनाड्यात संध्याकाळी दिवा लागतो, आमच्या कोनाड्यात जुजदानात कुरआन शरीफ. मधली माती वीतभर असेल. मावशींच्या घरात आता त्या आणि सून, मुलगा पुण्याला. मुलगा फोनवर रोज म्हणतो विकून टाक. दोघींचं, म्हणजे मावशींचं आणि माझ्या बायकोचं, मागच्या अंगणात बोलणं होतं, पण विक्रीचा विषय निघाला की दोघी वाळवणाकडे बघतात.

एजंट माझ्याकडे आला तेव्हा मी म्हटलं, मावशींना विचारा, त्यांचं ठरलं की माझं ठरलं. तो तिकडे गेला. मावशी म्हणाल्या, "मास्तरला विचारा बाबा, त्यो हाय तवर आमी हाव." असे त्याने चार हेलपाटे घातले. मागच्या महिन्यात चिडून म्हणाला, "तुम्ही दोघं एकमेकांवर ढकलता आणि माझं पेट्रोल जातं." बायको त्याला चहा देत होती, तिने ते ऐकलं आणि त्या रात्री मला विचारलं, "सच बोलो, बेचना है के नई?" मी म्हटलं, सध्या नाही. ती यावर खूश नाही. मुलीची ट्यूशन तिने साडेसातऐवजी साडेपाचची करून घेतली आहे, तेवढ्यापुरता विषय थांबला आहे.

यंदाच्या पावसात त्या भिंतीला ओल आली. पोपडे आमच्या बाजूला पडले, पण गवंडी बघून म्हणाला, पाणी त्यांच्या पन्हाळीतून येतंय, एका बाजूने गिलावा करून उपयोग नाही, दोन्हीकडून एकाच वेळी खरवडावी लागेल. खर्च निम्मा-निम्मा ठरला आहे. मावशींचा वाटा सोयाबीन विकल्यावर. सोमवारी काम सुरू होतं आहे, आधी त्यांच्या बाजूने, कारण तिकडे ओल जास्त आहे. कोनाड्यातलं सामान दोघांनीही काढून ठेवायचं आहे.